मोहरीवाल्या सरांचा कागद

वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक बायांच्या पदराच्या ओट्यातली भाजी हात जोडून परत मागतो, हे मी फक्त आमच्याच वावरात पाहिलं. आमच्याकडे निंदणीच्या बाया कोवळा पाला ओट्यात घालून घरी नेतात. तो त्यांचा हक्कच. सर मात्र मोहरीच्या वाफ्यापाशी आडवे उभे. "बाई, ही भाजी नाही, हे शिसं आहे. पोरांना घालू नका हो." बाया पदराआड हसायच्या आणि पानं टाकून द्यायच्या. गावाने त्यांचं नाव मोहरीवाले सर ठेवलं.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या शिवाराला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारी भट्टी होती. तिचं पाणी नाल्यातून आमच्या वावरात शिरलं होतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, भट्टी बंद करा अशी तक्रार केली होती. मी जळगावला सरांच्या हाताखाली शिकत होतो. माझ्या तोंडून हे ऐकून ते एका रविवारी पॅसेंजरने पाचोऱ्याला उतरले, एसटीने गावात आले आणि मग दोन वर्षं येतच राहिले. मोहरी मातीतलं शिसं ओढून अंगात घेते, म्हणून ती वाढवायची, मुळासकट उपटायची, पोत्यांत भरून दूर न्यायची आणि पुन्हा पेरायची. "माती आजारी आहे, मेलेली नाही," असं ते आबांना सांगत. आबांना तेवढं पुरे होतं.

मातीचा नमुना घेताना त्यांचं सोवळं कडक. वावरात नागमोडी चालायचं, वीतभर खणायचं, ठिकठिकाणची माती फडक्यावर एकत्र करायची. बांधाजवळची, झाडाखालची चिमूटभरही चालत नसे. एकदा मी आळसाने निंबाखालची, नाल्याचं पाणी न पोचणाऱ्या उंचवट्यावरची घेतली, तर त्यांनी पिशवी माझ्यासमोर उलटी केली. "मातीच्या बाबतीत खोटं केलंस, तर ते कुणाच्या तरी ताटात जातं." त्या दिवसापासून मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. माझी चूक तिथेच झाली.

तिसऱ्या वर्षी तक्रारीच्या चौकशीला साहेब आले. सरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला: जमीन स्वच्छ, पिकाला योग्य. आबांची तक्रार तिथेच निकालात निघाली, भट्टी चालू राहिली. तरी आबा खूश होते. वावर बरं झालं, सरांनीच लिहून दिलं! त्यांनी घरापुरती मेथी पेरली आणि ती खुडायला आल्यावर सरांना जेवायला बोलावलं.

आईने कळण्याची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा वाढला. सर हसले, बोलले, दोन भाकरी खाल्ल्या. ठेच्याशी. भाजीला बोट लावलं नाही.

"काबर, सर? भाजी नही आवडनी?" आबांनी विचारलं.

"पोट जरा बरं नाही."

"आपलाच वावरनी शे. आम्ही बठ्ठा आठ दिनपाईन हाईच खातस."

आठ दिवस घरातले सगळे तीच भाजी खात होते. शेजारी माझी धाकटी बहीण भाकरीने भाजी पुसून खात होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आबांनी मात्र हात लांबवून तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

एसटीच्या थांब्यावर मी विचारलं, "नमुना कुठला होता?"

"निंबाखालचा."

कुणी धमकावलं असेल, वरून दबाव आला असेल, असं मी मनात धरून होतो. तसं असतं तर मी माफही केलं असतं.

"कुणी काही म्हटलं नाही रे," ते म्हणाले. "दोन वर्षांत शिसं जरासंच हललं होतं. माझा प्रयोग फसला, असं लिहायला हात धजला नाही."

एसटी आली. एरवी मी त्यांची पिशवी आत चढवून द्यायचो. त्या दिवशी ती रस्त्यावर ठेवली आणि चालू लागलो. त्यांनी मला हातचं काही न राखता शिकवलं, त्या विद्येवरच मी आजवर जगलो, हे मी कुणापुढेही कबूल करीन. पण माझी बहीण त्यांच्यादेखत तो घास गिळत होती, आणि तिला थांबवायला आबा लागले.