मामांची जागा

सरकारवर सगळ्यांत जास्त विश्वास असलेला आणि सरकारला सगळ्यांत कमी माहिती देणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात त्यांची स्वतःची मासेमारीची बोट आहे. ती चालवतो त्यांचा मुलगा. मामा जेटीवर उभे राहून देशाचं रक्षण करतात. अनोळखी बोट दिसली की लगेच पोलिसांना फोन. मागे त्यांनी अशीच एक संशयास्पद बोट कळवली, ती गस्तीसाठी आलेली सरकारचीच नवी बोट निघाली. "समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाची कुंडली सरकारकडं हवी," असं ते टेबलावर हात आपटून सांगतात. प्रत्येकाची म्हणजे मामा सोडून प्रत्येकाची. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांनी आजवर एकाही दुकानदाराला दिलेला नाही. जो मागेल त्याला ते बिनदिक्कत माझा देतात. त्यामुळे मामांच्या चष्म्यावरची सवलत, गुडघ्याचं तेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं माझ्या फोनवर येतं. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाले, "जावयबापू, तुमच्याकडं लपवण्यासारखं हाय तरी काय?" मी पुष्कळ आठवून पाहिलं. काहीच नव्हतं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मामांकडे मात्र होतं. सरंगा मासा हमखास मिळेल अशी समुद्रातली एक जागा त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवली होती, आणि ती मामांनी फक्त मुलाला दाखवली. मामींनाही ठाऊक नाही. तसंही आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत, काम फिसकटतं, 'लांब का?' एवढंच म्हणायचं. पुढे किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी बोटींवर डबी बसली. बोट कुठे आहे ते ती बंदरावरच्या कचेरीला कळवत राहते. मामांनी तिला हार घातला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी मुलाला बजावलं, "जागा जवळ आली की वायर काढायची. मेली सारखी 'कुठे, कुठे' विचारते!"

मी म्हटलं, "अहो मामा, मग देशाची सुरक्षा?"

मामा गोंधळले. "देशाला सांगायला माझी ना नाय. पण देशात शेजारचे बोटवाले पण आले ना!"



गेल्या मोसमात एका दुपारी वायरलेसवर मुलाचा निरोप आला: इंजिन बंद पडलंय, वारा वाढलाय. बोलणं अर्ध्यातच तुटलं. मामा कचेरीकडे धावले, मागोमाग मी. पडद्यावर सगळ्यांच्या बोटी दिसत होत्या, मामांची नव्हती; वायर काढलेली. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी विचारलं, "काका, बोट कुठे असेल?" मामांनी दारात जमलेल्या बोटवाल्यांकडे पाहिलं आणि ते टेबलावर वाकले. "बाय, जरा कान इकडं कर."

"मोठ्याने सांगा काका. मला वायरलेसवर सांगायचंय. जवळ जी बोट असेल ती जाईल."

वायरलेसवर म्हणजे साऱ्या बोटी ऐकणार. मामांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि कुठलं देऊळ कुठल्या डोंगराच्या रेषेत आलं की थांबायचं, ते सगळं सांगून टाकलं. आता साऱ्या मिरकरवाड्याला पाठ असली, तरी ती जागा मी इथे लिहिणार नाही.

मुलगा संध्याकाळी सुखरूप आला. शेजारच्याच एका बोटीने ओढून आणला. मामांनी त्या बोटवाल्याला रडत मिठी मारली. त्याच आठवड्यात त्याने तिथे जाळं टाकलं, इतरांनीही टाकलं. त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

परवा आम्ही जेटीवर बसलो होतो. निघण्याआधी बापलेक आडोशाला जाऊन कुजबुजायचे, ते मी कित्येकदा पाहिलंय. त्या दिवशी मुलगा "येतो हं, बाबा" म्हणाला आणि सरळ बोटीवर चढला.

"पोरगा परत आला. मग माझं गेलं काय, जावयबापू?"

बोट जेटीपासून सुटली तशी मामाच हळू आवाजात म्हणाले, "आमचं दोघांचं तसं बोलणं नाय फारसं. तेवढंच एक होतं."