भिंत सारवायची राहिली

भुरीगुड्यात लग्न ठरलं की मांडवाच्या आधी सोमारीला निरोप जातो. जिवतीच्या डोंगरावरचं हे पन्नासेक घरांचं गाव. तिथे दारालगतची भिंत चितारल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि चितारणारा हात गेली तीस वर्षं सोमारीचाच. पांढरी माती, गेरू आणि काडीला गुंडाळलेली चिंधी एवढ्या सामानात ती घोडा, मोर, फणी, मोहाचं झाड आणि हातात हात घालून नाचणाऱ्या बायकांची रांग काढते. घोडा थोडा बकरीसारखा दिसतो. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. गावात घोडा फारसा कोणी पाहिलेलाच नाही.

काढण्याइतकाच पुसण्याचाही नेम आहे. नवरी सासरहून पहिल्यांदा माहेरी आली की ज्या हातानं चित्र काढलं त्याच हातानं ते शेणामातीनं सारवून टाकायचं. जुनं सारवल्याशिवाय नवं काढायचं नाही. चित्र भिंतीवर तसंच राहिलं तर गाव त्याचा एकच अर्थ लावतं, की त्या घरातलं कोणीतरी मधेच गेलं.

चार वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी लोककलेचं एक संग्रहालय उघडलं आणि सोमारीला न्यायला जीप आली. तिथले अधिकारी सुनील साहेब नागपूरला चित्रकला शिकलेले. त्यांनी तिला आख्खी भिंत दिली. लग्न कोणाचं, असं तिनं विचारलं. लग्न नाही, उद्घाटन आहे, असं कळलं. पण मांडव होता, नारळ होता, बँड होता, पाहुणे उशिरा आले आणि जेवून लगेच गेले. सोमारीला त्यात आणि लग्नात काही फरक दिसला नाही. तिनं घोड्यासकट सगळं काढून दिलं.

सारवायला बोलवायला जीप पुन्हा येईल, या भरवशावर ती राहिली. जीप आली नाही. गावात कोणी विचारलं, "पुसलं का?" तर ती "हो" म्हणायची. सरकार दर दिवाळीला चुना मारतंच, तेव्हा हाताचा नेम मोडला तरी चित्र तर गेलंच असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर तिनं सहा लग्नांच्या भिंती चितारल्या.

यंदा आश्रमशाळेची सहल त्या संग्रहालयात गेली. मुलांना हात मागे बांधून रांगेत फिरवलं, कशालाही शिवायचं नाही असं बजावलं आणि परत आल्यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. बहुतेकांनी पाट्यांवरचा मजकूर उतरवून आणला होता. एका मुलीनं मात्र स्वतःच्या डोक्यानं लिहिलं : सोमारी आजीचा घोडा तिथे अजून आहे. शिक्षणाचा परिणाम एरवी दिसायला वर्षं लागतात. इथे संध्याकाळपर्यंत दिसला.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत भावजय रंभा दारात उभी राहिली. तिच्या रीनाचं लग्न शुक्रवारी होतं, आणि रीना सोमारीच्याच कडेवर वाढलेली.

"बाई, तुम्ही तं पुसलं म्हणल्या होत्या."

"म्हणली होती."

"त्याच्यावर सहा लग्नं झाली. दोघी पोरी माघारी आल्या."

"एकीचा नवरा पेते. तो माह्या चित्राच्या आधीपासून पेते."

"मी काई म्हणून नाई राह्यली. पण रीनाच्या भिंतीले तुम्ही हात नका लावू. जिवतीत मोराचं फ्लेक्स सांगतलं हाये. तुमच्या भावाले विचारा पाह्यजे तं."

पोचू, म्हणजे सोमारीचा धाकटा भाऊ, अंगणात बांधलेली गाय पुन्हा बांधत होता.

सोमवारी पहिल्या बसनं सोमारी निघाली. लाल माती गावाहून गठुड्यात घेतली. शेण शहरात मिळेल याची तिला खात्री होती आणि ते संग्रहालयाच्या फाटकासमोरच मिळालं. फाटकावर चौकीदार धनराज होता, चामोर्शीकडचा.

"बाई, सोमवारी बंद रायते."

"मले पाहाचं नाई, भाऊ. पुसाचं हाये."

धनराजनं शेणाकडे पाहिलं आणि साहेबांना फोन लावला.

साहेब स्कूटरवर आले. तिला आत चित्रापाशी नेऊन त्यांनी शांतपणे समजावलं, की हे चित्र जतन केलेलं आहे, त्याला दमट हवा लागू नये म्हणून मुद्दाम एसी बसवलाय.

"किती दिस ठेवता?"

"कायमचं."

"मी मेल्यावर?"

"तेव्हाही राहील, सोमारीबाई." साहेबांनी हे बक्षीस दिल्यासारखं सांगितलं.

सोमारी खाली फरशीवर बसली. "मंग पुसन कोण? हात तं माहाच लागते."

पाच वर्षांच्या कलाशिक्षणात हा प्रश्न साहेबांना कोणी विचारला नव्हता. मुंबईहून परवानगी आणावी लागेल, अर्ज करा, तीन महिने लागतील, असं ते म्हणाले.

"लगन शुक्रवारी हाये."

धनराजला ड्युटीवर वाचायला दुसरं काही नसल्यानं भिंतीशेजारची पाटी चार वर्षं रोज वाचून त्याला पाठ होती. "साहेब, इथी लिहिलंच हाये ना," तो म्हणाला आणि भिंतीकडे न पाहता बोलून गेला, "'लग्नानंतर ही चित्रे काढणारी स्त्री स्वतःच्या हाताने सारवून टाकते. नश्वरता हा या कलेचा प्राण आहे.'"

मजकूर साहेबांचाच होता. एका परिसंवादात त्याचं कौतुकही झालं होतं.

"नश्वरता म्हंजे?" सोमारीनं विचारलं.

"टिकत नाई ते," धनराज म्हणाला.

"मंग बराबर लिहिलं हाये."

साहेबांनी पाटी स्वतः एकदा वाचून पाहिली. मग म्हणाले, "धनराज, एसी बंद कर. ओली माती एसीत तडकते."

सोमारीनं पदर खोचला. अर्धगोल हात मारत ती नाचणाऱ्या बायकांवरून, मोहावरून, घोड्यावरून गेली. अर्ध्या तासात भिंत सपाट झाली. साहेबांनी हळूच विचारलं, "नवीन काढून द्याल?"

"लगन असन तं बोलवा."

"माझं झालंय."

"पोरीचं होईन ना."

"ती पाच वर्षांची आहे."

"मले घाई नाई."

पुढे साहेबांनी अहवालात 'पारंपरिक सारवणाचे प्रात्यक्षिक' असं लिहिलं आणि वरून अभिनंदनाचं पत्र आलं. पाटी आहे तिथेच आहे. येणारे ती वाचतात, कोऱ्या भिंतीकडे पाहतात आणि समजल्यासारखी मान हलवतात.

सोमारीला त्या दिवशी एवढीच काळजी होती की गाव तिच्या शब्दावर आता विश्वास ठेवणार नाही. म्हणून निघताना तिनं धनराजला कोऱ्या भिंतीचा फोटो काढायला लावला आणि रंभाच्या फोनवर पाठवायला सांगितला.

ती गावात उतरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. रंभाच्या ओट्यावर पाच-सहा बायका फोनभोवती जमल्या होत्या. सोमारीच्या चित्राकडे त्यांनी इतक्या बारकाईनं कधी पाहिलं नव्हतं. रंभानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, चारही कोपरे तपासले, घोड्याची शेपटी कुठे उरलीय का ते पाहिलं.

"डाव्या बाजूले हात पातळ पडला, बाई."

"सिमेंटची भिंत होती."

रंभानं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला हाक मारली. "अवो, त्या फ्लेक्सवाल्याले फोन करा, नोको म्हणा." मग सोमारीकडे न पाहता म्हणाली, "सकाळी लवकर या. भिंत कालच सारवून ठेवली हाये."