चंद्रभागा वैनी अन् क्लचची स्प्रिंग

जीप विकून टाक, भंगारात घाल, असं मला सांगणारे आमच्या गावात बक्कळ हायत. त्यातल्या एकानं बी कधी गाडीखाली पाठ टेकवली न्हाई. मी आश्रुबा. तीस वर्षं नेकनूर ते बीड शिटा वाहिल्या. मंग धंदा बंद केला, जीप मातर ठेवली. माझी जीप, माझं अंगण, कुणाच्या पोटात कावून दुखावं?

पण हे माझ्याबद्दल न्हाई. हे चंद्रभागा वैनीबद्दल हाय. माझ्या दारासमोर त्यांचं दार, मधी जीप मावंल एवढीच गल्ली. त्यांचा नवरा बंकट माझ्यापेक्षा थोरला, पण दोस्त. म्हणून त्या वैनी अन् मी भावजी.

वैनी म्हणजे पस्तीस सीझन ऊस तोडलेली बाई. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. बंकट तोडायचा, वैनी मोळी बांधून डोक्यावर घ्यायच्या अन् फळीवरून ट्रकात चढायच्या. लेक मंगल पोटात असताना बी चढल्या. बंकट वारला त्या साली मुकादम म्हणला, "बाई, अर्धा कोयता मी घेत न्हाई." वैनी म्हणल्या, "अर्धा तू असशील." नणंदेला संगं घेतलं अन् त्याच टोळीत निघाल्या. त्या सालात दोघी बायांनी गड्यांच्या बरोबरीनं ऊस पाडला, हे मी मुकादमाच्याच तोंडून ऐकलंय.

आता त्यांचे डोळे गेलेत. मोतीबिंदू. ऊन हाय का सावली एवढं कळतं. समोर माणूस हाय का खांब हे कळत न्हाई. एकदा आमच्या गल्लीतल्या लाइटच्या खांबाला त्यांनी "कवा आलास रे?" म्हणून इचारलं, अन् मी हसलो तर आठ दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. पण हात अन् कान असे तिखट की इचारू नका. दाण्याला हात लावून सांगत्यात, ज्वारी कुणाच्या रानातली हाय.

दसरा झाला की गाव रिकामं होतं. वैनीचा युवराज अन् सून कर्नाटकात तोडीला गेले. गल्लीत बावीस घरं, वीस घरांना कुलपं. उरलो आमी दोघं. माझी केशरबाई जाऊन पाच वर्षं झाली. पोरगा आदिनाथ पुण्याकडं हाय, रविवारी फोन करतो, "जेवले का?" म्हणतो. जेवलो म्हणतो मी. दुसरं काय बोलायचं ते त्याला बी सुचत न्हाई, मला बी न्हाई.

म्हणून सकाळी वैनीच्या ओट्यावर चहा. उंबऱ्याच्या आत मी पाय ठेवत न्हाई, अन् त्या बी या म्हणत न्हाईत. दोघं बी एकटे, अन् गाव ते गावच हाय. पण ओट्यावर, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं असं बसायला कुणाची चोरी हाय का? आता येणारं-जाणारं कुणी नसतं, ती गोष्ट येगळी. वैनी बोलत्यात, मी ऐकतो. मी बोललो की त्या माझ्या चुका काढत्यात. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस हाय, हे मी कधी मोठ्यानं म्हणलं न्हाई.

तर एका रविवारी मंगलचा फोन आला. वैनीकडं मोबाईल न्हाई, म्हणून माझ्यावर येतो. मी ओट्यावरच स्पीकर लावला.

"काका, बीडला गुरुवारी डोळ्याचं शिबिर हाय. आईचं नाव घातलंय. सकाळी नऊच्या आत पोचाया पायजे. शुक्रवारी पट्टी काढली की आमचे हे येतील अन् आईला हिकडं संभाजीनगरला घेऊन येतील. आता तिला तिथं एकटं ठेवायचं न्हाई, आमचं ठरलंय. तुमी तेवढं नेकनूरहून एक ऑटो सांगून देता का?"

मी तावातावानं म्हणलं, "ऑटो कशाला बाई? आपली जीप हाय की. मी नेतो."

 वैनीनं बशी खाली ठेवली अन् पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, खूश झाल्यात. लेकीच्या घरी पक्की फरशी, नातवंडं, नळाला पाणी. कोण खूश होणार न्हाई?

सोमवारी नेकनूरहून पेंड घेऊन येताना जीपचं क्लचचं पेडल खालीच बसलं. पायाच्या बोटानं उचलून उचलून घरापर्यंत आणली. खाली वाकून बघितलं तर क्लचच्या हाताची स्प्रिंग तुटून लोंबकळती. गियरबॉक्सच्या कुशीतून एक लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो, त्याला आमी क्लचचा हात म्हणतो. पेडल दाबलं की तो सरकतो, पाय काढला की स्प्रिंग त्याला वढून जागेवर आणती. स्प्रिंग गेली की हात तसाच पडून ऱ्हातो. तशी गाडी मांजरसुंब्याच्या घाटात घालणारा डायव्हर येडा तरी असतो न्हाईतर पिलेला.

माझ्या हत्यारांच्या पेटीत दुसरी स्प्रिंग व्हती. नवीकोरी, कागदात गुंडाळलेली. मी पेटी उघडली, स्प्रिंग बघितली अन् पेटी बंद केली.

कावून? सांगतो. ही स्प्रिंग बसली की वैनी जाणार. अन् नेऊन सोडणार कोण, तर मीच, माझ्याच जीपनं.

संध्याकाळी तुटकी स्प्रिंग वैनीच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, एका टोकाचा आकडा बघितला, दुसरं तुटलेलं टोक बघितलं.

"मिळंल का दुसरी?"

"जुनी गाडी हाय वैनी. लवकर मिळत न्हाई."

मंगळवारी म्हणलं, "माजलगावला एकाला सांगून ठेवलंय, बघू." माजलगावला मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑटोचं नाव बी काढलं न्हाई. वैनी नुसतं "बरं" म्हणल्या. मी तिथून उठलो अन् घरात येऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. लाज वाटत व्हती मला. पुढचं शिबिर कवा, कुणाला ठावं? पेटीत मी स्प्रिंग न्हाई, त्या बाईचा डोळा कोंडून ठेवला व्हता. तरी उठून बसवावी, एवढं काय माझ्यानं झालं न्हाई.

बुधवारी दुपारी वैनी भिंतीला हात लावत लावत माझ्या अंगणात आल्या. ताटलीत बाजरीची भाकर अन् ठेचा. मी जीपच्या सावलीत बसलो व्हतो. बाजूला पेटी उघडीच व्हती, कारण सकाळपासून मी ती तीनदा उघडून बघितली व्हती. वैनी बसायला जागा चाचपायला लागल्या अन् त्यांचा हात नेमका पेटीत पडला. कागद वाजला. मी "वैनी, तिथं न्हाई" म्हणेपर्यंत त्यांनी कागद उलगडला बी.

बोटं स्प्रिंगवरून फिरली. एक आकडा, दुसरा आकडा. परत पहिला.

"ही तर साबूत हाय की, भावजी."

मी उगाच पेटीतले पाने सारखे केले.

"कवा आली?"

"हिथंच व्हती," मी म्हणलं. खोटं बोलायला तोंडच उघडंना.

वैनीनं स्प्रिंग परत कागदात गुंडाळली, नीट घडी घालून. ही बाई शिव्या देती तवा मला बरं वाटतं, पण गप्प बसली की भ्या वाटतं. मी म्हणलं आता माझा बाप काढतील. काढायलाच पायजे व्हता. पण त्या शेवटी एवढंच म्हणल्या, "मंग बसवा की."

माझ्या डोक्यात अशी सणक गेली! एवढी घाई? इतक्या वर्षांचा शेजार, त्याचं काहीच न्हाई? बरं, जा मंग. जा म्हणलं मनातल्या मनात, अन् तडक उठलो. चाकांना दगड लावले, जुना पत्रा अंथरला अन् गाडीखाली शिरलो.

शिरल्यावर ध्यानात आलं, पेडल कोण धरणार? हे काम एकट्याचं न्हाई. केशरबाई व्हती तवा ती धरायची. गल्लीत हाक मारली असती तर वीस कुलपांनी ओ दिली असती.

"मी बसते," वैनी म्हणल्या.

"तुमाला दिसत न्हाई."

"पेडल बघायचंय का दाबायचंय?"

फळीवरून ट्रकात चढलेली बाई ती. लुगडं खोचलं अन् चढून डायव्हरच्या शिटावर बसली. मी खालून वरडत व्हतो. डावीकडचं, एकदम कडंचं. हातानं वर वढून धरा. आजून वर. सोडू नका.

स्प्रिंग लई ताठ असती. तरुणपणी मी नुसत्या पकडीनं ताणून लावायचो. आता हाताला बळ न्हाई, म्हणून युक्ती करतो. स्प्रिंग जरा वाकवली की तिच्या येढ्यांत फट पडती. त्या फटीत एकेक वायसर, म्हणजे लोखंडाची चपटी चकती, घालायचा. स्प्रिंग तेवढी लांब होती अन् आकडा सहज बसतो. मंग पेडल दाबलं की स्प्रिंग ताणती अन् वायसर आपोआप गळून पडतेत. मी घालता घालता मोठ्यानं मोजत व्हतो. सात घातले. एक आकडा चेसीला अडकवला, दुसरा क्लचच्या हाताला.

"आता सोडा, अन् पायानं दाबा."

वैनीनं दाबलं. वायसर टणटण पत्र्यावर पडले.

"झालं," मी म्हणलं.

"सात म्हणला व्हता," वरून आवाज आला. "सहाच पडले."

मला दिसत व्हता तो. सातवा मधल्या येढ्यात अडकून बसला व्हता, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. तो तसाच ठेवला असता तर स्प्रिंग घाटापर्यंत बी टिकली नसती. पत्र्यावर उताणा पडून मी त्याच्याकडं बघत ऱ्हायलो. मी काही करायची गरजच नव्हती. नुसतं "सहाच घातले व्हते" म्हणायचं.

"परत दाबू का?" वैनीनं इचारलं.

त्यांचा पाय पेडलवर तसाच व्हता. खालून पेडलच्या फटीतून मला त्यांच्या टाचेची भेग दिसत व्हती.

"दाबा," मी म्हणलं. सातवा माझ्या छातीवर पडला.

गुरुवारी उजाडायला निघालो. वैनीच्या मांडीवर कपड्याचं एक गाठोडं. घराला कुलूप लावून किल्ली त्यांनी सुनेसाठी माझ्याकडं दिली. वाटंत एकदाच बोलल्या, "कपिलधारचा फाटा आला का?" आला म्हणलं. त्यांनी तिथल्या समाधीकडं हात जोडले, मी बी स्टेरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला. घाट गाडीनं मस्त उतरला, पायाला कुठंच अडलं न्हाई. नऊच्या आधी रांगेत उभे व्हतो.

आप्रेशन झालं. शुक्रवारी सकाळी नर्सबाईनं पट्टी काढली. वैनीनं डोळा मिचकावला, पाणी पुसलं अन् पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं.

"भावजी, तुमी किती म्हातारे झालात हो."

"तुमी काय तरण्या हायत का?" मी म्हणलं. दोघं बी हसलो. तेवढ्यात मंगलचा नवरा सोमेश्वर आला. पोरगं गुणी हाय, मला वाकून नमस्कार केला अन् डोळ्याचे थेंब आणायला खाली गेला.

तो गेल्यावर वैनी खिडकीकडं बघत बोलल्या. "स्प्रिंग लपवली व्हती तुमी. तीन दिवस."

"चुकलं माझं."

"चुकलंच. पण मला वाईट त्याचं वाटलं न्हाई. मी बसवा म्हणले अन् तुमी तडक उठून बसवायला लागला. एक शब्द बोलला न्हाई. मला वाटलं, चोरी घावली म्हणल्यावर आता ही एकदाची गेलेली बरी, असं वाटतंय तुमाला."

मी म्हणलं, "मला वाटलं, तुमालाच घाई हाय."

"मला कसली घाई? डोळा करून परत यायचं व्हतं मला. तिथं लेकीच्या चौथ्या मजल्यावर मी काय करू? पण गावाकडं तरी कुणाच्या जिवावर ऱ्हाते म्हणून सांगू लेकीला? एकदा म्हणायचं व्हतं भावजी. वैनी, जाऊ नका, एवढंच. मी जावयाला तोंडावर सांगितलं असतं."

"आता म्हणलं तर?" असं माझ्या ओठावर आलं. आलंच व्हतं. तेवढ्यात सोमेश्वर थेंब घेऊन दारात उभा. "चला आई, गाडी खाली लावलीय. काका, तुमचे लई उपकार झाले."

वैनी उठल्या न्हाईत. त्या नव्या डोळ्यानं माझ्याकडं बघत बसल्या. वॉर्डात माणसं व्हती, बाया व्हत्या, जावई व्हता. सत्तरीला टेकलेल्या माणसानं जावयादेखत त्याच्या सासूला जाऊ नका म्हणायचं? काय म्हणून?

मी सोमेश्वरला म्हणलं, "गाडी सावकाश चालवा."

वैनीनं गाठोडं उचललं. मी धरायला गेलो तर म्हणल्या, "ऱ्हाऊ द्या, दिसतंय आता."

त्यांची गाडी गेली. मी बी निघालो. फोन करता येतो, न्हाई असं न्हाई. पण फोन मंगलच्या हातात असतो, अन् लेकीला मी काय सांगू? मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढं उसाचा ट्रक व्हता, दर वळणाला गियर बदलावा लागत व्हता. शेजारचं शीट रिकामं. तिसऱ्या का चौथ्या वळणावर मी म्हणलं, "वैनी, जाऊ नका." आधी हळू म्हणलं. मंग काचा खाली असताना, मोठ्यानं म्हणलं. लई सोपं व्हतं.