गिटारीतला दाणा

माझ्या गिटारीला पाठ नव्हती, पोट होतं. काळं, गुळगुळीत, फायबरचं, चांगलं बाहेर आलेलं पोट. समोरून बघितली तर चारचौघींसारखी लाकडी. फक्त मधोमध एक मोठं गोल भोक असतं ना, ते नाही. त्याऐवजी वर दोन्ही खांद्यांपाशी पानांच्या आकाराची बारीक बारीक भोकं. तशी गिटार मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही कुणाच्या हातात दिसली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बल्लारपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यातल्या वादकाकडून ती मला मिळाली. तो तिला पार कंटाळला होता. खुर्चीवर बसून मांडीवर घेतली की गोल पाठ सटकायची आणि गिटार छताकडे तोंड करायची. "मासोळी हाये लेकाची, हातात राहातच नाई," असं म्हणून त्याने ती माझ्या गळ्यात मारली. आता मी सिंदेवाहीजवळच्या गावचा, बाप तळ्यात जाळं टाकणारा. निसटणाऱ्या वस्तू धरायची आमच्या घराला सवयच. घरी येऊन जमिनीवर मांडी घातली, तर बाई मांडीच्या खोलगट जागेत अशी ऐसपैस बसली की हलायचं नाव नाही. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा होता, आणि आमच्या घरी खुर्चीच नव्हती.

मला वडशाच्या नाटक कंपनीत वाजवायचं होतं. झाडीपट्टीत, आमच्या या भातपिकाच्या मुलखात, धान घरात आला की गावोगावी नाटकं लागतात. वादक रंगमंचापुढे सतरंजीवर बसतात, म्हणजे माझ्या गिटारीला हवी तशीच बैठक. एका कंपनीच्या मालकाने निरोप धाडला होता: दिवाळी झाली की येऊन वाजवून दाखव, जमलं तर यंदा घेतो. बाबांनीही त्यांचा निरोप दिला होता: यंदा नाही जमलं तर गिटार ठेव आणि जाळं धर. जाळ्याशी माझं वैर नव्हतं, पण मला सतरंजीच हवी होती.

दिवाळीच्या साफसफाईत मायच्या अंगात येतं. घरातलं जे जे उचलता येईल ते ती तळ्यावर नेऊन राखेनं घासते. गिटार मी खुंटीवर भिंतीकडे तोंड करून टांगायचो, चुलीचा धूर लागू नये म्हणून. त्यामुळे मायला दिसली ती फक्त पाठ. धुरकटलेली, प्लास्टिकची, टबासारखी.

मी बाजारातून परतलो तेव्हा माय छातीभर पाण्यात होती आणि माझी गिटार तिच्या पुढे पोटावर तरंगत शिंगाड्याच्या वेलांकडे निघाली होती. आमच्याकडे तळ्यात उतरताना पोटाखाली तुंबा, म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा, धरतात, बुडू नये म्हणून. तोसुद्धा इतका छान तरंगत नाही. मायने दांडीला धरून ती ओढून आणली आणि मोठ्या हौसेनं मला दाखवली.

"पाय, कशी चमकून राह्यली! सारा धूर निंगाला."

"माय, तिले धुत नाई!"

"काऊन? प्लास्टिक तं हाये."

"पाठ प्लास्टिकची हाये! तोंड लाकडाचं हाये तिचं!"

मायने ती उलटी केली. पानांच्या भोकांतून पाणी गळत होतं. लाकूड फुगायला लागलं होतं. माझा राग तर नाकावरच असतो, मी तिच्याही वाटचं बोललो. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही ताटाला हात लावून उठली. माझा राग तिथेच उतरला, पण तिचं जेवण काही परत येईना.

शेवटी तिनेच उपाय काढला. आमच्याकडे शेणाने लिंपलेली बांबूची ढोली होती, त्यात गेल्या वर्षीचा खडखडीत वाळलेला धान. "धान पानी ओढते," ती म्हणाली. गिटारीच्या भोकांत चिंध्या कोंबल्या आणि तिला गळ्यापर्यंत धानात पुरलं. अख्खी दिवाळी माझी गिटार ढोलीत बसून होती. माय येता-जाता वरून हात फिरवायची, आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा.

वडशाला जायच्या सकाळी बाहेर काढली. लाकूड बसलं होतं. नव्या तारा चढवल्या, आवाज थोडा घोगरा, पण सुरात. फक्त चिंध्या सुटल्या होत्या आणि आत धान गेला होता. आम्ही तिघांनी ती उलटी करून आळीपाळीने झोडपली. दाणे पडले, एक राहिला. साध्या गिटारीत तो कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन गप्प बसला असता. हिला कोपराच नव्हता. हात मारला की तो आपला पोटभर गरगर फिरायचा.

माय म्हणाली, "मी येतो संगं." मी नको म्हटलं. तिने सुक्या मासोळ्यांची टोपली डोक्यावर घेतली, जणू वडशाला बाजारच करायचा होता, आणि बसमध्ये माझ्या आधी चढली.

कंपनीचं ऑफिस म्हणजे रस्त्यालगतची एक खोली. मालक सतरंजीवर बसला होता, मी समोर बसलो, माय दारात. मी गाणं सुरू केलं. पहिलं कडवं बरं गेलं. मग जोरात हात मारायची जागा आली आणि दाण्याने सुरुवात केली.

"थांब," मालक म्हणाला. "हे काय खुळखुळून राह्यलं?"

मी तारांवर हात ठेवला. तेवढ्यात मागून मायचा आवाज आला.

"तो माहा धान हाये, भाऊ. पोराचा काई दोष नाई. म्याच धुतली ते, म्याच धानात घातली. वाईट झाली असन तं मले बोला."

मग तिने तळ्यापासून ढोलीपर्यंत सगळं सांगितलं, काही न लपवता. मालक आधी हसू दाबत होता, शिंगाड्याच्या वेलांपाशी त्याला ते दाबवेना. डोळे पुसत म्हणाला, "बाई, धान पिकला तं आमचं नाटक, नाई पिकला तं आमी घरी. राहू दे तो दाना." मग माझ्याकडे वळून, "पन मरनाच्या सीनले हालू नको बरं."

मला वाटतं मी त्याचे पाय धरले. नक्की आठवत नाही. इतका आनंद झाला की मधलं सगळं पुसलंच गेलंय.

परतीच्या बसमध्ये गिटार मायने मांडीवर घेतली, सटकू नये म्हणून दोन्ही हातांनी कवटाळून. नागभीडच्या स्टँडवर मी आलूबोंडे आणले. तिने तिचा खाल्ला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझाही खाल्ला. पुढे रस्ता खराब होता. बस खड्ड्यात आदळली की आत दाणा वाजायचा आणि माय वाकून कान लावायची.

"हाये," ती म्हणायची. मग सिंदेवाही जवळ आल्यावर, "पडू नको देऊ त्याले, बापू."

अजूनही गिटार खुंटीवरून काढली की मी आधी ती हलवून बघतो, मग सूर लावतो.