डी ड्राइव्हमधलं ओवीचं फोल्डर

वाय-फायचं चिन्हच गायब झालं... साडेअकरा वाजले होते, बारा वाजता माझी टायपिंगची टेस्ट, अन् नेट नाई. पोरगी मांडीवर. आधीच सांगते, भूतबित मी कधी मानलं नाई. बारावी नापास आहो, पण एवढी अक्कल आहे मले.

आम्ही नागपुरात हुडकेश्वरले राहतो. घरबसल्या टायपिंगचं काम भेटणार होतं, जिंदगीतली पयली नोकरी. टेस्ट लॅपटॉपवरच, कॅमेरा चालू ठेवून. सकाळी कॅमेऱ्यात माझं तोंड धुरकट दिसलं म्हणून नेटवर ‘ड्राइवर अपडेट’ शोधलं; ड्राइवर म्हणजे कॅमेरा, वाय-फाय चालवणारं सॉफ्टवेअर. मोठं हिरवं बटन दिसलं, दाबलं. लॅपटॉपचा मॉडेल नंबर पायलाच नाई. त्यानं सगळेच ड्राइवर बदलले, अन् वाय-फाय मेलं. आता ड्राइवर उतरवाले नेट पायजे, अन् नेटसाठी ड्राइवर पायजे. मोबाईलचं नेट केबलनं जोडून पायलं, तेबी नाई चाललं.

वैनीले फोन लावला. माझा दादा सदरच्या त्याच्या दुकानात लॅपटॉप दुरुस्त करे. तीन वर्षं झाले त्याले जाऊन. हा लॅपटॉप त्यानंच देल्ला होता मले.

“काहून रडून राहिली वं?” वैनी म्हणे.

“नोकरी गेली वैनी माझी...”

“टेस्ट द्याच्या आधीच गेली? डोळे पूस. तुझा दादा हरेक लॅपटॉपचे ड्राइवर त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवे, मालकाच्या नावाचं फोल्डर करून. पाय तिथं, तुझं नाव असन.”

डी उघडलं. माझं नाव नव्हतं. एकच फोल्डर होतं — ओवी.

ओवी माझी पोरगी. दीड वर्षाची. दादा गेला तेव्हा पोटातबी नव्हती. अन् नाव तिच्या आत्यानं बारशाले पाळण्यापाशीच सांगतलं, त्याआधी कोणालेच मालूम नव्हतं. फोल्डरवरची तारीख मात्र दादा असतानाची...

“वैनी, इथं ओवीचं नाव आहे.”

वैनी हळूच म्हणे, “उघड. मामानं भाचीच्या नावानं ठेवलं, ते वाईट नसन.”

आत चार फाईली. वाटलं बंद करून पळावं. पण बारा वाजाले दहा मिनिटं होते. लॅपटॉप उलटा केला, खालच्या स्टिकरवरचा नंबर वाचला, त्याच नंबरची वाय-फायची फाईल निवडून टाकली, मंग कॅमेऱ्याची. ओवी स्क्रीनकडे बोट करून “मामा” म्हणे. पण ती तर दूधवाल्यालेबी मामा म्हणते.

अन् वाय-फाय आलं. तोंडबी लख्ख दिसलं. बाराच्या ठोक्याले मी टेस्टले बसली, ओवीले एका हातानं धरून. तीन दिवसांनी फोन आला — पास. मी, माझ्या हातानं ड्राइवर टाकला अन् नोकरी घेतली. वैनी म्हणे, “आता सदरचं दुकान तूच उघड.”

आमचे हे म्हणतात, ओवी नावाची दुसरी कोणी गिऱ्हाईक असन. पण वैनीनं दादाची गिऱ्हाइकांच्या नावाची पूर्ण वही पायली, असं नावच नाई. अन् लॅपटॉप तर नवा घेऊन मलेच देल्ला होता त्यानं. मंग कोणी लिहिलं, मले अजून समजलं नाई. फोल्डर तसंच ठेवलं आहे.

तुमच्या लेकराचं नाव असं दिसलं असतं, अन् घड्याळात दहा मिनिटं... तुम्ही उघडलं असतं का?