मिठाचा डबा

तुमच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं, सांगता येईल?

माणमधल्या माझ्या घरमालकांना येत नाही. मी त्यांच्याकडेच जेवतो. ग्रामसभेत बायकांच्या हक्कांवर टाळ्या घेणारा हा माणूस ताटावर बसला की आधी कालवणात बोट बुडवतो आणि निकाल देतो, "मीठ कमी हाय."

परवा मालकांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, कितीतरी वर्षांनी दोन दिवस विसाव्याला ताम्हिणीला बहिणीकडे गेल्या. इकडे मालकांनी पिठलं टाकलं आणि मीठ समजून मूठभर खायचा सोडा घातला. पिठलं फसफसून कढईबाहेर आलं, शेगडी विझली. मालकांनी फोनवर बायकोलाच झापलं, "डब्यावर नाव लिवायला काय झालं व्हतं तुला? ये आत्ताच्या आत्ता!"

काकू त्याच दिवशी एसटीनं परतल्या. शेगडी घासून त्यांनी नवं पिठलं केलं. मालकांनी बोट बुडवलं. "मीठ कमीच हाय."

"फळीवर डबा हाय, घ्या की हातानं," काकू म्हणाल्या.

मालकांनी फळीकडे पाहिलं. "कुटला गं?"

मी हसलो. काकू हसल्या नाहीत.

आज जेवायच्या आधी, कुणालाही न विचारता, घरातलं मीठ शोधा. सापडलं, की बायकोला बहिणीकडे पाठवा आणि फोन करू नका.