सुपारी पाटावर, मी ठाण्यात

गेल्या मार्गशीर्षात माझा पाय घरात ठरत नव्हता. सकाळी धावायला जायचं, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बागेत बसायचं, तिथेच नवऱ्याचा फोन घ्यायचा आणि मधेच ठाण्याच्या खोपट स्टँडवरून एसटी पकडून राजापूर गाठायचं. सून म्हणाली, "आई, तुमचं कॉलेज सुरू झालंय." मी चौथी शिकलेली. कॉलेजात काय करतात ते मी फक्त नातीकडे बघून शिकले, आणि त्यावरून सुनेचं म्हणणं बरोबर होतं.

नवरा गावाला असतो. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना नवरा आणि तो असंच लिहिणार. सारखं 'हे आले, हे गेले' लिहिलं तर कोण आलं आणि कोण गेलं ते मलाच कळायचं नाही. दीड वर्षापूर्वी जुनं घर पाडून नवं बांधायला म्हणून तो गावी गेला आणि तिकडेच राहिला. मी डोंबिवलीत मुलाकडे.

आम्ही दोघंही ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला होतो. तो एका वर्कशॉपात लेथवर, मी दोन गल्ल्या पलीकडे औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला. बरोबर निघायचो, बरोबर यायचो आणि बोलायचो ते एवढंच की गॅस संपलाय, पाणी आलंय, दार लाव. भांडणही फारसं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं.

तो गावी गेला आणि बोलायला लागला. गावच्या घरात मोबाईलला रेंज नाही. रेंज आहे ती सड्यावर, म्हणजे गावाच्या वर जो कातळाचा उघडा माळ आहे तिथे. रोज संध्याकाळी सहा वाजता नवरा काठी घेऊन वीस मिनिटं चढतो आणि मला फोन करतो. पहिला प्रश्न, "दुपारी काय जेवलीस?" इतक्या वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. ताट मीच वाढायची, विचारणार काय. मग विहिरीत साप निघाला ते सांगायचा, गवंडी दारू पिऊन आला ते सांगायचा. एकदा म्हणाला, "आज सूर्य बुडताना फार छान दिसला." मी म्हटलं, "बरं नाही का वाटत?"

फोन यायचा तेव्हा मी बागेतल्या बाकावर असायची. डावीकडे मास्तरीणबाई. तिने चाळीस वर्षं शाळेत पोरं हाकली, आता आम्हाला हाकते. उजवीकडे आमच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

"स्पीकरवर टाक गं," मास्तरीणबाई म्हणायची.

मी टाकायची. लपवण्यासारखं तो काही बोलत नसे.

"वीस मिनिटं चढून येतो बाई तुझ्यासाठी," शेजारीण म्हणाली. "आमचे हे खुर्चीतून उठून पंखा लावत नाहीत."

"पलीकडच्या खाटेवर होता तेव्हा हाही लावत नव्हता," मी म्हटलं.

धावण्याचं खूळ मास्तरीणबाईचं. ठाण्यात म्हाताऱ्यांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती. तिने आम्हाला न विचारता तिघींची नावं दिली. मी म्हटलं, "मी आयुष्यभर धावले ती पंच कार्डासाठी. तीन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस जायचा. आता कशासाठी धावू?"

"आता टी-शर्ट देतात," ती म्हणाली.

आम्ही सकाळी निवासी विभागातल्या रस्त्यावर सराव करायचो, कारण तिथे त्या महिन्यात खणलेलं नव्हतं. तीन बायका साडी वर खोचून पळताना दिसल्या की रिक्षा थांबायची. रिक्षावाल्याला वाटायचं आमचं कोणीतरी दवाखान्यात आहे. पहिल्या आठवड्यात मी दोन विजेच्या खांबांपर्यंत पळायची, दुसऱ्या आठवड्यात पाच. शेजारीण एका खांबाला जी धरायची ती आम्ही परत येईपर्यंत सोडायची नाही. पण रोज यायची. धावून झालं की कोपऱ्यावर चहा घ्यायचो आणि सगळ्या सोसायटीची मापं काढायचो. पंधरा वर्षांची असल्यापासून मी राबत होते, आधी सासरी, मग कारखान्यात. सकाळी सात वाजता कुणाचंही काही न करता नुसतं उभं राहून चहा पिणं मला सत्तरीला आल्यावर मिळालं.

अशात एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "घर झालं. या महिन्यात वास्तुशांत करू. तू आता सामान बांधूनच ये."

"म्हणजे?"

"म्हणजे कायमची. आता तिकडे काय आहे तुझं?"

फोन स्पीकरवर होता. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बघू," आणि रेंज गेल्यासारखं हॅलो हॅलो करून फोन बंद केला.

मला जायचं नव्हतं. लग्न होऊन मी त्याच गावात पाच वर्षं काढलीत. विहिरीचं पाणी, गोठा आणि दिवसातून सहा वेळा कोणासाठी तरी चहा. पण नाही कसं म्हणायचं? त्याने दीड वर्ष उन्हात उभं राहून घर बांधलं होतं. रोज चढून येऊन प्रत्येक खिडकीची हकीकत मला सांगितली होती.

म्हणून आधी चार दिवस जाऊन बघून यायचं ठरवलं. सकाळी खोपटहून बसले. हायवेचं काम माझी नात जन्मली तेव्हा सुरू झालं. ती आता बारावीला आहे आणि काम चालूच आहे. अंधार पडायच्या आत पोचले एवढंच. स्टँडवर नवरा नवीन शर्ट घालून उभा होता. मला बघून म्हणाला, "आलीस?" मी म्हटलं, "आले." झालं. रिक्षात पुढचा अर्धा तास कोणी बोललं नाही.

घर चांगलं बांधलं होतं. ते मी कबूल करते. फक्त स्वयंपाकाचा ओटा माझ्या छातीला लागत होता.

"कोणाच्या मापाने बांधलात?"

"गवंड्याची बायको उभी राहिली होती."

"मग तिलाच बोलवा भाकऱ्या थापायला."

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका आल्या. "काकी, आता कायमच्या ना?" मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की देवळाच्या झाडलोटीत माझी गुरुवारची पाळी लावली आहे. बचत गटातही नाव घातलं आहे. मी आत जाऊन डब्यांची मांडणी बदलायला लागले. राग आला की मी डबे हलवते.

दिवसभर आम्ही पडवीत दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे बसलो. फोनवर अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस हाच का, असं मला वाटत होतं. सहा वाजायला आले तसा तो चुळबुळ करायला लागला. मग काठी घेऊन निघून गेला. तासाभराने घामाघूम होऊन परत आला.

"तुझा फोन लागत नाही," तो म्हणाला.

"लागेल कसा? मी इथे बसलेय."

"हो. वर गेल्यावर लक्षात आलं ते."

"मग लगेच खाली यायचं होतं."

"म्हटलं, आलोय तर एकदा लावून बघू."

मी इतकी हसले की मला उचकी लागली. त्याने पाणी आणून दिलं, पण तो हसला नाही. पुढचे दोन दिवस सहा वाजता तो पडवीतच बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. बोलायला काही सुचेना. मलाही सुचेना. साप निघाला तर दोघांच्याही समोरच निघणार होता.

डोंबिवलीला परत आले आणि दोन दिवसांनी फोन आला. भटजींनी वास्तुशांतीचा दिवस काढून दिला होता. तो नेमका शर्यतीचा रविवार.

"दुसरा दिवस बघा," मी म्हटलं.

"दुसरा चांगला दिवस दीड महिन्याने आहे. शर्यतीचं काय एवढं? तुला कोण पहिलं येऊ देणार आहे?"

"पहिलं यायचं नाहीये. टी-शर्ट आलाय."

तो म्हणाला, "भटजी म्हणतात, बायको हजर नसली तर तिच्या जागी पाटावर सुपारी ठेवून चालतं."

"मग ठेवा."

"खरंच ठेवीन."

"ठेवा की. मोठी बघून ठेवा. शोभली पाहिजे."

मी फोन ठेवला. शेजारीण म्हणाली, "अगं, नव्या घराची पूजा आहे. असं करू नये."

मास्तरीणबाई म्हणाली, "सुपारीच बरी. सुपारी ओट्याची उंची काढत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं शर्यतीचं काही नाही. एकदा का तू त्या पाटावर बसलीस की गाव तुला उठू देणार नाही, ही भीती आहे तुला. तेवढं त्याला सांग ना सरळ."

"सांगेन."

"कधी?"

"आधी शर्यत होऊ दे," मी म्हटलं. बाटल्यांना लेबलं लावताना सुपरवायझरला तोंडावर उत्तर देणारी मी एकटीच होते, आणि नवऱ्याला एक वाक्य सांगायला मला दिवस पुरेनात.

शर्यतीच्या रविवारी पहाटे आम्ही ठाण्यात पोचलो. साडीवर टी-शर्ट, पायात नातीचे जुने बूट. माझ्या छातीवर नंबर लावताना त्या मुलीने टाचणी आत टोचली आणि "सॉरी आजी" म्हणाली. म्हाताऱ्यांची पाळी सगळ्यात शेवटी. दहा वाजता सुटायची शिट्टी झाली आणि आमच्या आजूबाजूचे म्हातारे असे पळाले की जणू पलीकडे पेन्शन वाटत होते. मास्तरीणबाई दर चौकात थांबून स्वतःचा फोटो काढत होती. शेजारीण टेंभी नाक्यापर्यंत आली, तिथे एका दुकानाची पायरी दिसली तशी बसली आणि म्हणाली, "माझी शर्यत झाली. तुम्ही या जाऊन."

मी पळत राहिले. म्हणजे खांब मोजत राहिले. शेवटी एक माणूस माईकवर ओरडत होता, "शाब्बास आजी, शाब्बास आजी." जवळ गेल्यावर मी त्याला सांगितलं, "आजी तुझ्या घरी. मला नंबर सांग." तो म्हणाला, नंबर पहिल्या तिघांनाच असतो. माझ्या मागे चार जण होते ते मी स्वतः मोजले. त्यातली एक मास्तरीणबाई.

गळ्यात मेडल, हातात केळं, आणि फूटपाथच्या कडेला मी पाय पसरून बसले होते. शेजारणीला आम्ही रिक्षाने उचलून आणलं होतं. अकरा वाजता फोन वाजला. नवऱ्याचा. अकराला तो कधीच फोन करत नाही.

"झालं का धावून?" त्याला धाप लागली होती.

"झालं. तुमचं?"

"होम झाला. आता पानं मांडतायत. सगळे ओटीवर खोळंबलेत, मी सोवळ्यातच वर आलोय."

"सुपारी नीट बसली का?"

"बसली. एकदा गडगडली. भटजींनी तांदळात रोवली."

मास्तरीणबाई स्पीकर लावायची खूण करत होती. मी लावला नाही. मी म्हटलं, "ऐका. मी कायमची येणार नाही. महिन्यातले आठ-दहा दिवस येईन, राहीन, सगळं करीन. बाकीचे दिवस इथेच. देवळाची पाळी दुसऱ्या कोणाला लावायला सांगा. रागवायचं असेल तर आत्ताच रागवा, मी बसलेली आहे."

तो म्हणाला, "बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं. मीही तेच म्हणणार होतो."

"तेच म्हणजे काय?"

"म्हणजे, मला आता एकट्याची सवय झाली. सकाळी तासभर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. तू येऊन गेलीस तेव्हापासून मला साखरेचा डबा सापडत नाहीये. आणि तू इथेच राहिलीस तर दिवसभरात काय झालं ते मी सांगायचं कोणाला?"

"मग सामान बांधून ये म्हणून माझ्या मागे का लागला होतात?"

"सगळं गाव विचारतं, वैनी कधी येणार. आणि मी बोलावलं नसतं तर तुला काय वाटलं असतं?"

म्हणजे महिनाभर मी कसं सांगू म्हणून तिकडे जायला घाबरत होते आणि तो कसं सांगू म्हणून बोलावत होता. माझ्या मनासारखं झालं होतं. मी मोकळी होते. आणि मला असा राग आला की हातातलं केळं चेपलं गेलं. मी येत नाही म्हणणं वेगळं आणि माझ्यावाचून त्याचं चालतं हे त्याच्याच तोंडून ऐकणं वेगळं. मी फोन कापला.

"काय म्हणाला?" मास्तरीणबाईने विचारलं.

"हो म्हणाला."

"मग तोंड असं का?"

"हो म्हणाला म्हणून."

शेजारीण म्हणाली, "तुला डोक्याचा डॉक्टर दाखवायला हवा." मी केळं तिला दिलं.

तीन संध्याकाळी मी फोन उचलला नाही. तो वाजत असायचा आणि आम्ही तिघी समोरच्या झोपाळ्याकडे बघत बसायचो. चौथ्या दिवशी सकाळी मी रिक्षा, बस करत खोपटला गेले आणि रिझर्वेशनच्या रांगेत उभी राहिले. राजापूर, एक बाई, दहा दिवसांनी परत.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, "परतीचंही आत्ताच काढू का, आजी?"

"आधी परतीचं काढा," मी म्हटलं. "मग जायचं."